कुलूप शीटचं, हिशेब सोसायटीचा

मीरा रोड-भाईंदरमध्ये सोसायट्यांचे हिशेब लिहून घराला हातभार लावणारे पुष्कळ आहेत. दिवसा अंधेरी नाहीतर फोर्टमध्ये नोकरी, संध्याकाळी विरार लोकलच्या गर्दीतून परत, आणि जेवणं आटोपली की कुठल्यातरी सोसायटीची बिलं, असा त्यांचा क्रम. मी नोकरी सोडून हेच काम पूर्ण वेळ करते. 1985 साली इथे नगरपरिषद झाली, 2002 साली महानगरपालिका. 2011च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या 8,09,378 भरली. उत्तन, काशीगाव, राई, मुर्धे अशी जुनी गावं सोडली तर ही वस्ती मुख्यतः इमारतींची. इमारत आली की सोसायटी आली, आणि सोसायटी आली की मेंटेनन्सचं बिल आलं. नव्या टॉवरांनी त्यासाठी सॉफ्टवेअर घेतलंय. जुन्या, लहान इमारतींचा कारभार मात्र आजही बऱ्याच ठिकाणी एका एक्सेल फाइलवर चालतो. ती फाइल कोणीतरी कधीतरी बनवलेली असते. बनवणारा निघून गेला की तिचं काय करायचं, हे कोणी ठरवलेलं नसतं.

भाईंदर पूर्वेच्या अशाच एका सोसायटीचं काम माझ्याकडे आलं ते सप्टेंबरातल्या आमसभेनंतर. वार्षिक सभा कायद्याने 30 सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते, त्यामुळे आमच्याकडची धावपळ त्या महिन्यात टिपेला पोचलेली असते. इमारतीचं बाहेरचं प्लास्टर जागोजागी फुगलं होतं आणि पावसात वरच्या मजल्यांच्या भिंती पाझरत होत्या. सभेने दुरुस्ती निधी वाढवायचा ठराव केला, नवा दर ऑक्टोबरच्या बिलापासून. खजिनदारांनी पेन ड्राइव्ह माझ्या हातात ठेवला. म्हणाले, "मॅडम, शीट उघडते, बिलांची प्रिंटही निघते. पण दुरुस्ती निधीच्या रकान्यात आकडा टाकायला गेलं की नाही म्हणते."

फाइल उघडून बघितली. आडव्या ओळीत एकेक फ्लॅट आणि खाली दुकानाचे गाळे. उभ्या रकान्यांत सेवा शुल्क, पाणी, सिंकिंग फंड, दुरुस्ती निधी, पार्किंग, नॉन-ऑक्युपन्सी, मागील बाकी, व्याज, एकूण. पावतीची रक्कम आणि पाण्याचं बिल यांचे सेल पिवळे रंगवलेले होते. तेवढ्यातच लिहिता येत होतं. बाकी कुठेही बोट लावलं की शीट संरक्षित असल्याची सूचना यायची आणि 'अनप्रोटेक्ट' म्हटलं की पासवर्डची चौकट. काम नीटनेटकं होतं, हे पहिल्या नजरेतच कळत होतं. ज्याने ही शीट बांधली त्याला बिल या प्रकाराची जाण होती. नॉन-ऑक्युपन्सी, म्हणजे भाड्याने दिलेल्या फ्लॅटवरचं शुल्क, सेवा शुल्काच्या 10 टक्क्यांवर जाऊ नये ही सरकारच्या 2001 सालच्या आदेशातली मर्यादासुद्धा त्याने पाळली होती.

एक गोष्ट मात्र खटकली. व्याजाच्या सेलवर क्लिक केलं की वरची फॉर्म्युल्याची पट्टी कोरी दिसायची. सेलमध्ये आकडा आहे, पण तो कुठून आला याचा पत्ता नाही. एक्सेलमध्ये सेलला 'हिडन' अशी खूण करून शीट लॉक केली की हे होतं. म्हणजे या कुलपाने दोन कामं केली होती. एक, चुकून कोणी फॉर्म्युला पुसू नये म्हणून अडवणं. हे मला मनापासून पटतं. कमिटीतले तीन-चार जण आलटून पालटून एकाच फाइलमध्ये हात घालतात तिथे असा अडसर हवाच. दुसरं काम म्हणजे फॉर्म्युला कोणाला दिसूच न देणं. सभासदांच्या पैशाच्या हिशेबात याला जागा नाही असं माझं ठाम मत आहे.

शीट बनवणारे हिशेबनीस काका निवृत्तीनंतर फावल्या वेळात हे काम करायचे. आता ते मुलाकडे दुसऱ्या राज्यात राहायला गेले होते. सचिवांनी फोन लावून दिला. काका मोकळेपणाने बोलले. "ताई, पासवर्ड मी वहीत लिहून ठेवला होता. घर आवरताना ती वही रद्दीत गेली असणार. आता काही आठवत नाही. तुम्ही उघडा की, माझी काही हरकत नाही." मग त्यांनीच आठवणीतल्या एक-दोन तारखा, नातवाचं नाव असं सुचवलं. त्यातलं काहीच लागलं नाही.

पासवर्ड गेला म्हणजे नेमकं काय गेलं, हे इथे सांगायला हवं, कारण लोक दोन अगदी वेगळ्या कुलपांना एकच समजतात. एक कुलूप फाइल उघडतानाच पासवर्ड मागतं. तिथे फाइलमधला मजकूरच सांकेतिक केलेला असतो. 2007च्या ऑफिसपासून त्यासाठी एईएस ही भक्कम पद्धत वापरली जाते, आणि पासवर्ड साधा नसेल तर ती फाइल गेली असंच धरून चालावं. मायक्रोसॉफ्टही तो पासवर्ड परत मिळवून देत नाही. भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचे कारखाने आहेत. तिथल्या एका छोट्या कारखान्याची पगाराची फाइल अशी बंद झालेली मी पाहिली आहे. नगावर मजुरी, पॉलिशवाल्यांचे दर वेगळे, उचल दिलेली, आणि सगळं त्या एका फाइलमध्ये. मालकांनी एकाला विचारलं, दुसऱ्याला विचारलं, पण कोणाकडेच उपाय नव्हता. शेवटी हजेरीची कार्डं, व्हाउचर आणि बँकेचं स्टेटमेंट घेऊन पूर्ण वर्षाचा हिशेब नव्याने उभा करावा लागला. कामगारांनी आपापल्या डायऱ्या आणल्या म्हणून उचलीचे आकडे जुळले.

दुसरं कुलूप या सोसायटीच्या शीटसारखं. फाइल उघडते, सगळं दिसतं, फक्त बदल करता येत नाही. इथे मजकूर सांकेतिक नसतोच. शीट लॉक असल्याची एक खूण फाइलमध्ये लिहिलेली असते आणि एक्सेल ती खूण बघून आपल्याला अडवतं. मायक्रोसॉफ्ट स्वतःच सांगतं की शीटचं संरक्षण हे सुरक्षेचं साधन म्हणून दिलेलं नाही. जुन्या एक्सएलएस फाइलींत तर पासवर्डचं रूपांतर अवघ्या 16 बिटांच्या आकड्यात व्हायचं. त्यामुळे वेगवेगळ्या हजारो शब्दांचा आकडा एकच यायचा, आणि ए-बी, ए-बी अशी अक्षरं आलटून पालटून टाकणारा एक छोटा मॅक्रो थोड्या वेळात चालणारा एखादा शब्द शोधून द्यायचा. तो मूळ पासवर्ड नसायचा, पण कुलूप उघडायचं. एक्सेल 2013पासून ही वाट बंद झाली. आता पासवर्डवर एसएचए-512 नावाची प्रक्रिया 1 लाख वेळा फिरवली जाते, आणि एकेक शब्द घालून बघत बसणं निरर्थक ठरतं. पण खूण पुसून टाकायचा मार्ग तसाच राहिला. दाराला भारी कुलूप लावलं, पण खोलीला मागची भिंत घातलीच नाही, असा हा प्रकार आहे.

हे माहीत असूनही मी फाइलला लगेच हात लावला नाही. खजिनदारांना घाई होती. ऑक्टोबरची बिलं निघायची होती. पण माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 च्या कलम 43 मध्ये मालकाच्या परवानगीशिवाय संगणकात किंवा त्यातल्या माहितीत शिरणं, बदल करणं हे नुकसानभरपाईला पात्र धरलंय. इथे मालक कोण? काका नव्हेत, खजिनदार एकटे नव्हेत, आणि मी तर नव्हेच. मालक सोसायटी. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 च्या कलम 160 प्रमाणे नवा अध्यक्ष निवडून आला की जुन्याने सगळे कागद आणि मालमत्ता त्याच्याकडे सोपवायची असते. कोणी दप्तर देत नसेल तर कलम 80 खाली निबंधकाला ते जप्त करवून घेण्याची सोय आहे. सोसायटीचं दप्तर आज फाइलमध्ये असेल, तर ती फाइल, आणि तिचा पासवर्डही, दप्तरच. म्हणून मी कमिटीला सांगितलं, आधी ठराव करा. त्यांनी सभा घेतली, इतिवृत्तात लिहिलं की अमुक फाइलचं संरक्षण काढण्याचा अधिकार हिशेब लिहिणाऱ्यांना दिला आहे, मूळ फाइलची प्रत जशीच्या तशी जपायची आहे, आणि केलेला प्रत्येक बदल कमिटीपुढे ठेवायचा आहे. अध्यक्ष आणि सचिव यांच्या सह्या झाल्या. दुसऱ्याची फाइल उघडून द्या म्हणणारे लोक माझ्याकडे अधूनमधून येतात: भागीदाराशी बिनसलेले, नोकरी सोडताना कंपनीची दरपत्रकं हवी असलेले. त्यांना मी हाच प्रश्न विचारते, लेखी अधिकार कोणाचा आहे? बहुतेक जण तिथेच विषय बदलतात.

कोणीतरी सुचवलं की इंटरनेटवर फाइल टाकली की मिनिटात कुलूप काढून मिळतं. मी नको म्हटलं. त्या फाइलमध्ये सगळ्यांची नावं, मोबाइल नंबर, कोणाचा फ्लॅट भाड्याने आहे, कोणाची किती थकबाकी आहे, हे सगळं होतं. ते अनोळखी ठिकाणी चढवणं म्हणजे सोसायटीचं दप्तर रस्त्यावर ठेवणं. आणि त्याची गरजही नव्हती.

काम प्रत्यक्षात असं होतं. एक्सएलएसएक्स फाइल ही खरं तर एक झिप असते. आत एक्सएमएल नावाच्या साध्या मजकुराच्या फाइली. (फाइल जुन्या एक्सएलएस प्रकारातली असेल तर आधी ती उघडून एक्सएलएसएक्स म्हणून सेव्ह करायची, लॉक तसंच राहतं, पण फाइल नव्या घडणीची होते.) आधी एक प्रत काढली आणि मूळ फाइल पेन ड्राइव्हवरच राहू दिली. विंडोजमध्ये फाइलींचं एक्सटेन्शन दिसेल असं करून प्रतीच्या नावाचं शेपूट बदलून झिप केलं. आत 'एक्सएल' फोल्डर, त्यात 'वर्कशीट्स', त्यात शीट1, शीट2 अशा फाइली. इथे सावध राहावं लागतं, कारण हे नंबर खालच्या टॅबच्या क्रमाने असतीलच असं नाही. हवी ती फाइल झिपबाहेर काढून नोटपॅडमध्ये उघडली. सगळा मजकूर एका ओळीत सलग धावत असतो, डोळ्यांनी शोधून सापडत नाही. कंट्रोल-एफ करून 'शीटप्रोटेक्शन' शोधलं. टोकदार कंसात तो शब्द, त्यापाठोपाठ पासवर्डवर प्रक्रिया होऊन तयार झालेली अक्षरांची लांबलचक माळ, आणि पुढे कंस बंद. त्या कंसापासून या कंसापर्यंतचा तुकडा काढून टाकला, बाकी एका अक्षराला हात लावला नाही. सेव्ह करून फाइल झिपमध्ये जिथली तिथे परत ठेवली. पूर्ण फोल्डर बाहेर काढून पुन्हा झिप केलं आणि फोल्डरचा एक जादा थर चढला, तर फाइल खराब झाल्याचं एक्सेल सांगतं; म्हणून एकच फाइल बदलणं बरं. नावाचं शेपूट पूर्ववत केलं. उघडली, आणि दुरुस्ती निधीच्या सेलमध्ये नवा दर बसला.

फाइलमध्ये आणखी एक टॅब लपवलेला होता आणि पूर्ण वर्कबुकची रचनाही लॉक होती. त्याची खूण 'वर्कबुक' नावाच्या वेगळ्या फाइलमध्ये असते. तीही तशीच काढली. लपवलेल्या टॅबवर पार्किंगचे दर आणि गाळ्यांची क्षेत्रफळं निघाली. काकांनी ती तिथे ठेवली होती ती कोणी चुकून बदलू नये म्हणूनच असणार.

मग मी व्याजाच्या सेलवर क्लिक केलं. आता पट्टी कोरी नव्हती. मागील बाकी गुणिले 21 टक्के, भागिले 12. सोसायटीच्या उपविधींप्रमाणे थकबाकीवर आमसभा ठरवेल त्या दराने, पण दरसाल 21 टक्क्यांहून जास्त नाही, असं व्याज लावता येत होतं. आणि ते सरळव्याज असावं लागायचं. दर बरोबर होता. अडचण 'मागील बाकी' या रकान्यात होती. पावती वजा जाता गेल्या महिन्याचं 'एकूण' जसंच्या तसं तिथे येत होतं, आणि त्या एकूणात गेल्या महिन्याचं व्याजही होतं. म्हणजे व्याजावर व्याज, दर महिन्याला.

हा फरक किती पडतो ते कागदावर मांडून दाखवते. समजा एखाद्याची 30,000 रुपयांची मुद्दल थकली आणि पुढची बिलं तो वेळच्या वेळी भरतोय. सरळव्याजाने महिन्याला 525 रुपये, वर्षाला 6,300, तीन वर्षांनी 18,900. हेच व्याज दर महिन्याला मुद्दलात मिसळत गेलं तर पहिल्या वर्षी 6,943 आणि तीन वर्षांनी 26,022. पहिल्या वर्षात साडेसहाशेचा फरक कोणाच्या डोळ्यात भरत नाही. तीन वर्षांत तो सात हजारांच्या वर जातो.

आणि त्या इमारतीत ते एका माणसाच्या लक्षात आलं होतं. तळमजल्याच्या गाळ्यात दुकान चालवणारे एक सभासद. धंदा मंदावला तेव्हा त्यांची बिलं थकली होती. ते दर सभेत उठून म्हणायचे की व्याज जास्त लागतंय. जुन्या इतिवृत्तांत त्यांचा आक्षेप नोंदवलेला मी वाचला. पुढे उत्तरही नोंदवलेलं होतं: हिशेब संगणकाद्वारे होतो, त्यात चूक संभवत नाही. ते वाचून मला फार वाईट वाटलं. उत्तर देणाऱ्यांच्या मनात खोट नव्हती. त्यांनाही फॉर्म्युला दिसत नव्हता. शीट जो आकडा दाखवेल तो ते वाचून दाखवत होते. सभासदाला आपल्या खात्याची नोंद बघायचा हक्क कायद्याने दिलाय, पण नोंद बघून काय कळणार, जर ती कशी निघाली हेच कोरं असेल? त्या माणसाला थकबाकीदार म्हणून सभेत गप्प बसवलं जात होतं, आणि त्याचं म्हणणं खरं होतं.

काकांना मी पुन्हा फोन केला. त्यांना चूक दाखवून द्यायची म्हणून केला नाही. त्यांच्या नावावर काही चढण्याआधी त्यांचं म्हणणं ऐकायला हवं होतं. ते बराच वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, सुरुवातीला थकबाकीदार कोणी नव्हतेच, बाकी शून्य असायची, त्यामुळे एकच रकाना पुरायचा. हे मला पटलं. अशा शीट मी पुष्कळ पाहिल्या आहेत. लहान सोसायटीत सगळे वेळेवर भरत असतात तोवर 'मागील बाकी' एकत्र धरली काय नि वेगळी धरली काय, फरक पडत नाही. पहिला सभासद अडचणीत येतो तेव्हा तो पडायला लागतो, आणि तोवर शीटला कुलूप लागून गेलेलं असतं.

दुरुस्ती साधीच होती. 'मागील बाकी'चे दोन रकाने केले, मुद्दल थकबाकी आणि व्याज थकबाकी, आणि व्याजाचा फॉर्म्युला फक्त पहिल्यावर चालवला. बिलाच्या छापील नमुन्यातही हे दोन आकडे वेगळे दिसतील असं केलं. फॉर्म्युल्याचे सेल पुन्हा लॉक केले, पण 'हिडन'ची खूण काढून टाकली: बदलता येणार नाही, बघता मात्र कोणालाही येईल. नवा पासवर्ड कागदावर लिहून लिफाफ्यात घातला, लिफाफ्यावर अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार यांनी सह्या केल्या आणि तो सोसायटीच्या कपाटात शेअर सर्टिफिकेटच्या फाइलजवळ गेला. दप्तर हस्तांतराच्या यादीत चेकबुक, शिक्का, मीटिंगची वही यांच्याखाली 'हिशेबाची फाइल व पासवर्डचा लिफाफा' अशी एक ओळ वाढवली. आता मी ज्या ज्या सोसायटीचं काम घेते, तिथे ही ओळ पहिल्याच महिन्यात घालून घेते.

त्या दुकानदारांना कमिटीने बोलावलं. ते कॅल्क्युलेटर घेऊनच आले. मी लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला, त्यांनी एकेका महिन्यावर क्लिक करायला सांगितलं आणि वरच्या पट्टीतला फॉर्म्युला वाचून स्वतः आकडा काढून पाहिला. मध्येच एकदा पाणी मागितलं, आणि पुन्हा सुरू. सगळे महिने संपल्यावर त्यांनी मुद्दलाचा आणि सरळव्याजाचा चेक कधी देता येईल ते सांगितलं. कमिटीने जादा लावलेलं व्याज रद्द करण्याचा ठराव केला, आणि ऑडिटरच्या सल्ल्याने ते जर्नल एंट्रीने त्यांच्या खात्यातून वळतं केलं.

बाकीच्या थकबाकीदारांची खाती आता मी याच पद्धतीने मागच्या वर्षांपासून मांडते आहे. काहींची रक्कम अगदी किरकोळ निघते, काहींनी तो पैसा कधीच भरून टाकलाय, आणि एका फ्लॅटची तर विक्री होऊन जुने मालक पुण्याला गेलेत. त्यांना परत करायची रक्कम मोठी नाही, पण ती त्यांची आहे. सचिवांनी त्यांचा पत्ता मिळवला असून मार्चअखेरच्या हिशेबात ती देणी म्हणून दाखवायची आहे.